शेंदूर आणि शाई : पुण्याच्या पोथ्यांतले देव

‘लघुचित्र’ हा शब्द आपण ‘मिनिएचर’वरून घडवला आणि घडवताना युरोपातला एक जुना गैरसमजही उचलला. मिनिएचर म्हणजे छोटेखानी, असे सगळेच धरून चालतात. मुळात या शब्दाचा आकाराशी संबंध नव्हता. लॅटिनमध्ये ‘मिनियम’ म्हणजे शिशापासून केलेला तांबडा-नारिंगी रंग. मठांमधले लेखनिक धर्मग्रंथांची आद्याक्षरे त्या रंगाने रेखाटत. त्या कामाला, आणि पुढे त्याच पानांवरच्या चित्रांना, हे नाव पडले. चित्रे लहान असत, लहानपणा सांगणारे लॅटिन शब्दही उच्चाराने जवळचे, म्हणून तो अर्थ मागाहून येऊन चिकटला. आता हा मिनियम म्हणजे कोण? आपला शेंदूर. मारुतीला तेलात कालवून लावतात तो. कसबा गणपतीच्या अंगावर पिढ्यान्पिढ्या थर चढत गेले तो.

हे कळल्यापासून ‘लघुचित्र’ या शब्दाशी असलेले माझे भांडण मिटले. मूर्तीला चढवायचा रंग आणि पानावर देव रेखायचा रंग एकाच कुळातले आहेत, हे आपल्या पोथी लिहिणाऱ्यांना लॅटिन न शिकताच ठाऊक होते. ‘श्रीगणेशाय नमः’, श्लोकांचे दंड, अध्यायाची समाप्ती तांबड्या शाईत, बाकी मजकूर काळ्या शाईत, ही त्यांची रीत. तांबडे आले की वाचणाऱ्याने हात जोडायचे किंवा क्षणभर थांबायचे. ज्या पोथीत चित्र असे तिथे हा थांबा लांबत असे. पुण्यातल्या संग्रहांत असलेली देवांची चित्रे समजून घ्यायची तर आधी त्या थांब्याची आठवण ठेवायला हवी. ही चित्रे वाचनाच्या मध्ये येत, पूजेच्या मध्ये येत. स्वतंत्रपणे पाहायची वस्तू म्हणून ती घडलेली नाहीत.

आज आपण ती काचेमागे, डोळ्यांच्या उंचीवर, विजेच्या सपाट उजेडात पाहतो. घडली ती मांडीवर, आणि पाहायची होती तीही मांडीवर किंवा चौरंगावर ठेवून. कागदाचे थर खळीने चिकटवून वसली तयार करायची, पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, खारीच्या केसांच्या कुंचल्याने रेघ काढायची, मग हिंगूळ, हरताळ, नीळ, काजळी असे रंग डिंकाच्या पाण्यात मिसळून थरावर थर भरायचे. मधूनमधून कागद पालथा घालून पाठीमागून अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे रंग कागदात बसतो आणि त्याला मिन्यासारखी झळाळी येते. सोन्याचा वर्ख शेवटी. समईची ज्योत हलली की वर्ख हलतो, आणि पान किंचित तिरपे केले की मुकुट पेटल्यासारखा दिसतो. काचेमागे तो निपचित पडलेला असतो. ज्यांनी कधी अशी पाने प्रत्यक्ष हातात घेतली त्यांना माझे म्हणणे पटेल. ज्यांना तशी संधी मिळाली नाही त्यांनी निदान पुस्तकातली छायाचित्रे पाहताना मान थोडी खाली घालावी, पोथी वाचताना घालतो तशी.

आमच्या घरी श्रीधरांच्या ‘हरिविजया’ची हस्तलिखित पोथी होती. १७०२ साली पंढरपुरात पूर्ण झालेला हा ग्रंथ म्हणजे मराठी घरांतला भागवताचा दशमस्कंध. गोकुळ, कालिया, गोवर्धन हे सगळे आमच्या आज्यापणज्यांना त्यातून कळले. श्रावणात पोथी लाल वस्त्रातून बाहेर निघे. पहिल्या पानावर गणपती, दोन बाजूंना ऋद्धी-सिद्धी. पोथी लावताना आजी तिला हळदकुंकू वाही आणि तिचे कुंकवाचे बोट नेमके त्या गणपतीवर टेके. तिच्याआधी तिच्या सासूचे टेकत असे. मी पाहू लागलो तेव्हा गणपतीचे तोंड उरलेच नव्हते. एक तांबडा गोल, त्याखाली सोंडेचे टोक आणि मोदकाची वाटी. शाळकरी वयात मला त्याचा राग येई. एवढे सुंदर चित्र बायकांनी खराब केले, असे वाटे. पुढे संग्रहालयांतून हिंडलो, कितीतरी पानांवर असेच पुसलेले चेहरे पाहिले, आणि माझा राग हळूहळू कुठे गेला ते कळले नाही.

पुण्यात देवांची चित्रे पाहायला कुठून सुरुवात करावी, असे कुणी विचारले तर मी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे नाव घेतो. ऐकणारा चमकतो. भांडारकर म्हटले की लोकांना महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवते, पाठभेद आठवतात. चित्रे आठवत नाहीत. संस्था ६ जुलै १९१७ ला स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी डेक्कन कॉलेजात असलेला मुंबई सरकारचा हस्तलिखितसंग्रह तिच्याकडे सोपवला गेला. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि स्वतः रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी गुजरात, राजपुताना, काश्मीर पालथे घालून हस्तलिखिते मिळवण्याची जी मोठी मोहीम चालवली, तिचे हे फळ. ती माणसे ग्रंथ शोधत होती. ग्रंथांबरोबर चित्रे आली.

या मंदिराच्या हस्तलिखितांत भागवतपुराणाची एक सचित्र प्रत आहे. उदयपूर, विक्रम संवत १७०५, म्हणजे सन १६४८. चित्रकार साहिबदीन.

पुणेकराने हे साल आपल्या बाजूने वाचून पाहावे. त्या वर्षी शिवाजी महाराज अठरा वर्षांचे होते आणि पुरंदरावर फत्तेखानाशी त्यांची झुंज झाली. देहूला तुकोबा होते. आणि तिकडे मेवाडात, राणा जगतसिंहाच्या आश्रयाने, एक मुसलमान चित्रकार कृष्णजन्मापासूनची कथा पानापानावर मांडत होता. चितोड अकबराने १५६८ मध्ये घेतला. पुढे १६१५ मध्ये जहांगीरशी तह होऊन मेवाडला उसंत मिळाली. त्या उसंतीत जगतसिंहाने जे केले त्याचे मला फार अप्रूप वाटते. हरलेल्या, पोळलेल्या राज्याने आपले ग्रंथ पुन्हा लिहून घेतले आणि चितारून घेतले. साहिबदीनची १६२८ ची रागमाला आहे, १६४८ चे हे भागवत आहे, १६५२ चे रामायणातले युद्धकांड आहे. म्हणजे चोवीस वर्षांचे काम तर नोंदलेलेच आहे, आणि त्यातला मोठा भाग राम आणि कृष्ण यांचा. याच शतकात आपल्याकडे श्रीगोंद्याला शेख महंमद ‘योगसंग्राम’ लिहीत होते, हे लक्षात घेतले तर साहिबदीनचे नाव वाचून दचकायचे कारण राहत नाही.

जगतसिंहाने करवून घेतलेल्या त्या रामायणाचा काही भाग मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आणि बराचसा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. २०१४ मध्ये दोन्हीकडची पाने संगणकाच्या पडद्यावर एकत्र आणली गेली आणि जगभर त्याची वार्ता झाली. पुण्यातल्या भागवताचा तेवढा गाजावाजा कधी झाला नाही. मोतीचंद्र, कार्ल खंडालावाला यांच्या पिढीने मेवाडी चित्रांचा अभ्यास उभा केला, त्यामुळे जाणकारांच्या जगात त्याचे नाव पक्के आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरून रोज जाणाऱ्या माणसाला मात्र आपण कशाच्या बाजूने जातो आहोत याची कल्पना नसते, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

मेवाडी चित्रात काळ कसा चालतो ते थोडे सांगितले पाहिजे, कारण पहिल्यांदा पाहणारा तिथेच अडखळतो. एकाच पानावर कृष्ण तीनदा, चारदा दिसतो. इकडे तो गाईंमागे आहे, तिकडे कदंबावर चढला आहे, खाली डोहात आहे आणि वर पुन्हा सवंगड्यांत उभा आहे. टेकडीची रेघ, झाडांची रांग, पिवळ्या किंवा तांबड्या रंगाचा पट्टा यांनी प्रसंग वेगळे केलेले असतात. सगळे आपण जणू माळवदावरून पाहतो. पाश्चात्त्य चित्राची सवय झालेल्या डोळ्याला हा गोंधळ वाटतो. ज्याने नारदीय कीर्तन ऐकले आहे त्याला वाटू नये. बुवा कालियामर्दन लावतात तेव्हा ते सरळ रेषेत कुठे जातात? डोहाकाठी यशोदा येऊन पोचते, तिचा आक्रोश होतो, मग बुवा मागे फिरतात, सकाळी तिने कृष्णाला कसे जेवू घातले ते सांगतात, पुन्हा डोहात उतरतात. ऐकणाऱ्याची गल्लत होत नाही, कारण गोष्ट त्याला आधीच पाठ असते. पुढे काय झाले हे कळावे म्हणून तो तिथे बसलेला नसतो. माहीत असलेल्या गोष्टीत पुन्हा राहायला मिळावे म्हणून बसलेला असतो. साहिबदीनने ज्या प्रेक्षकासाठी काढले तोही असाच होता.

दुसरी गोष्ट सावलीची. नलदमयंतीच्या आख्यानात स्वयंवराला चार देव नळाचे रूप घेऊन बसतात आणि दमयंतीला पाच नळ दिसतात. ती देवांना ओळखते कशावरून? त्यांना घाम नाही, पापणी लवत नाही, माळ कोमेजत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत आणि त्यांची सावली पडत नाही. मराठी मुलामुलींनी हे शाळेत कधी ना कधी वाचलेले असते. आता जुनी देवचित्रे या खुणा घेऊन पाहा. कृष्णाला सावली नाही हे ठीकच, पण गाईलाही नाही. गोपींना नाही, यमुनाकाठच्या कदंबाला नाही, ताकाच्या डेऱ्यालाही नाही. रात्र असली तरी ती आकाशाच्या निळ्या पट्टीपुरती, चांदण्यांपुरती असते. अंगणात दिवसासारखा उजेड असतो. सावली कशी काढायची हे या चित्रकारांना जमत नव्हते, असे म्हणणे मला पटत नाही. युरोपातली छापील चित्रे मोगल दरबारात अकबराच्या काळापासून येत होती आणि तिथल्या चित्रकारांनी छायाप्रकाश हवा तेव्हा वापरलाही. माझी समजूत अशी की गोकुळ ही जागाच या चित्रकारांनी देवांच्या बाजूची मानली. तिथे गेले की गाईगुरांनाही देवांची लक्षणे लागू होतात.

पुण्यातले आणखी एक जुने हस्तलिखित इथे सांगायला हवे, जरी त्याचा विषय देव नाही. भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य आहे. अहमदनगरचा हुसेन निजामशाह आणि त्याची राणी खुंजा हुमायून यांच्याविषयीचे, आफताबी नावाच्या कवीचे, साधारण १५६५ ते १५६९ या काळातले. दख्खनी चित्रकलेच्या इतिहासाची सुरुवात अभ्यासक इथून करतात. त्यात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते आहे असे एक पान आहे. मंदिरांच्या शिल्पांत, कालिदासाच्या नाटकात जो दोहदाचा संकेत आहे तोच. फारसी काव्याच्या पानावर तो सहज येऊन बसला. राणीच्या आकृती पुढे खोडून टाकल्या गेल्या. झाड फुललेलेच आहे.

पेशवाईकडे वळताना एक गोष्ट आधी मान्य करतो. पुण्याचे स्वतःचे असे मोठे ‘कलम’, म्हणजे चित्रशैली, झाले नाही. कांगड्याचे झाले, बुंदीचे झाले, मेवाडचे झाले. पुण्याला चित्रे आली ती फौजांच्या, वकिलांच्या, यात्रेकरूंच्या वाटेने. मराठे जयपुरात गेले, मथुरेत राहिले, हैदराबादशी लढले आणि तह केले. या सगळ्या ठिकाणची रंगांची सवय इथे येऊन मिसळली. महादजी शिंदे कृष्णभक्त होते, पदे रचीत. मथुरेची हवा अंगावर घेऊनच ते १७९२ मध्ये पुण्यात आले आणि १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीला वारले. शनिवारवाड्याच्या कारागिरांत जयपूरहून आलेल्या भोजराजाचे आणि राघो चिताऱ्याचे नाव सांगतात. वाड्यातले गणेशमहाल, आरसेमहाल १८२८ च्या आगीत गेले. दिल्ली दरवाज्यापाशी भिंतीवर गणपतीच्या आणि शेषशायी विष्णूच्या चित्रांचे जे फिकट अवशेष आहेत, त्यांवरून बाकीच्याची कल्पना करायची. नीट कल्पना करायची असेल तर वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात जावे, किंवा वाईचा मोतीबाग पाहावा. भिंतींवरची चित्रे मोठी असली तरी हात पोथी रंगवणाऱ्याचा आहे, हे लगेच ओळखू येते. तीच ठळक बाह्यरेषा, तोच एका बाजूने पाहिलेला चेहरा, कानापर्यंत गेलेला डोळा.

इथल्या चिताऱ्यांनी स्वतःचे म्हणून काय घातले? कपडे आणि दैवते. बायका नऊवारी लुगड्यात आल्या, नाकात नथ आली. पुरुषांच्या डोक्यावर पगड्या आल्या. राम पंचायतनासह आला, म्हणजे सीता, तिघे भाऊ, पायाशी मारुती. एका घरातली माणसे छायाचित्राला बसावीत तसा. खंडोबा घोड्यावर, पुढे म्हाळसा, पायाखाली मणि-मल्ल, बरोबर कुत्रा, आणि पिवळा रंग भंडाऱ्याचा असल्यासारखा सढळ हाताने लावलेला. आणि विठ्ठल. चित्रकाराच्या दृष्टीने विठ्ठल अवघड दैवत आहे असे मला नेहमी वाटते. कृष्णाला लीला आहेत, रामाला वनवास आहे, शंकराला तांडव आहे. विठ्ठलाला काहीच करायचे नाही. कटेवर हात, पाय विटेवर. चिताऱ्याला खेळायला जागाच नाही. तरी त्याने विठ्ठलाला दशावतारांत आणून बसवले. महाराष्ट्रातल्या दशावतारचित्रांत नवव्या चौकटीत अनेकदा बुद्धाच्या जागी विठ्ठल उभा असतो, बाजूला रखुमाई. मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे धावताहेत, मारताहेत, वाचवताहेत, आणि मध्ये हा स्वस्थ.

याच पुण्यात, याच वर्षांत, देवाकडे पाहायची एक निराळी रीत उतरत होती. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पेशव्यांच्या दरबारी आला. त्याच्याकडे गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा माणूस चित्रे काढू लागला. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने १७९० मध्ये काढला. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पुढे जेम्स वेल्स आला आणि शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळाच सुरू झाली. गंगारामाने वेरूळची लेणी रेखाटली. त्यात छाया आली, अंतर आले, दगडाचे वजन आले. कोरीव देव त्याने जसा दिसतो तसा, मोडक्या हातासकट काढला. मला गंगारामाचा अभिमान आहे आणि त्याच्यावर या पुस्तकाबाहेर पुष्कळ लिहायला हवे. पण त्याची वेरूळची पाने आणि त्याच काळातले एखादे पोथीतले शंकर-पार्वती शेजारी ठेवले की माझ्या काळजात काहीतरी हलते. शंकर दोन्हीकडे आहे. एका पानावर तो मोजला आहे, दुसऱ्यावर त्याला नमस्कार केला आहे. दोन्ही हात पुण्याचेच.

दरबारी चित्रांबरोबर एक मोठा प्रवाह दरबाराबाहेर वाहत होता, आणि तो पाहायला पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात जायचे. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, घरचा धंदा चष्म्यांचा. अल्पवयात गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी आणि कमलाबाईंनी दिवे, अडकित्ते, कंगवे, वाद्ये, दरवाजे असे जमवत सारा संसार त्यात घातला आणि १९७५ मध्ये संग्रह शासनाच्या हाती दिला. त्यात चित्रकथी परंपरेची पाने आहेत. पैठण भागातून मिळाली म्हणून ‘पैठणची चित्रे’ हे नाव रूढ झाले. हे चित्रकथी गावोगाव फिरत. जाड कागदावर एका बाजूला एक प्रसंग, त्याच्या पाठीला दुसरा चिकटवलेला. वाद्याच्या साथीवर पान उभे धरायचे, कथा सांगायची, पान उलटायचे. एका आख्यानाच्या गठ्ठ्याला ते ‘पोथी’च म्हणतात, जरी त्यात वाचायला अक्षर नसते. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने ही कला सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने जपली. तिथल्या परशुराम विश्राम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

या पानांत घोटीव झळाळी नाही, वर्ख नाही. मोठमोठे डोळे, लाल-काळ्या रंगांचे ठसठशीत ठोकळे, रागाने ताठ झालेली बोटे. दिवट्यांच्या उजेडात दहा हातांवरून दिसले पाहिजे, हा हिशेब. मला ती दरबारी चित्रांइतकीच थोर वाटतात. आणि त्यांच्या मागची एक रीत मी कधी विसरू शकत नाही. पाने फाटली, रंग गेला, दाखवण्याजोगी राहिली नाहीत की चित्रकथी ती फेकत नसत, विकतही नसत. मूर्तीसारखे त्यांचे पाण्यात विसर्जन करीत. आपल्याला आज जी जुनी पाने पाहायला मिळतात ती या विसर्जनातून राहून गेलेली आहेत. जतन करणारा आणि विसर्जन करणारा, दोघांचेही त्या चित्रावर प्रेम असते. संग्रहालयात मी उभा असतो तेव्हा मला हे दोघेही आठवतात, आणि कुणाची बाजू घ्यावी हे ठरत नाही.

सावंतवाडीच्या गंजिफांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण एकशेवीस. लाखेचा हात दिलेली गोल पाने, तळहातात मावणारी. डाव दिवसा असेल तर ज्याच्याकडे राम तो उतारी करतो, रात्री असेल तर ज्याच्याकडे कृष्ण तो. सूर्यवंश आणि चंद्रवंश यांचा मान खेळातसुद्धा पाळलेला. मत्स्य, कूर्म, वराह हातात धरून दुपार घालवायची याला कुणी भक्ती म्हणणार नाही. पण दिवसभरात देवाचे नाव जितक्यांदा तोंडी येई आणि देवाचे रूप जितक्यांदा डोळ्यांपुढून जाई, तितक्यांदा आज देवघरात बसूनही येत नसेल.

१८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला, पुढे वासुकाका जोशींनी तो चालवला. दगडावर काढून छापलेले रामपंचायतन घरोघर गेले. पोथीतला देव आता पोथीबाहेर आला, चौकटीत बसला, काचेमागे गेला, भिंतीवर चढला. थोड्या पैशांत देव मिळू लागला ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांच्या घरात कधी हाताने रंगवलेले पान येऊ शकले नसते त्यांच्या घरी राम आला. पण चितारी गेला. कसबा पेठेत कागदीपुरा आहे, पण तिथे आता कागद बनत नाही. नागपुरात चितार ओळ आहे, तिथे आता मूर्ती घडतात. आणि काचेवर कुंकू लावले तर ते देवाला पोचते खरे, पण चित्रापर्यंत पोचत नाही. काच पुसली की झाले.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा आमचा नदीकाठचा वाडा बुडाला. देवघर गेले, फडताळातल्या छापील पोथ्यांचा लगदा झाला. ‘हरिविजय’ माळ्यावर ट्रंकेत होता म्हणून वाचला, पण ओल लागली आणि कडा वाकल्या. कित्येक वर्षांनी मी तो दुरुस्तीला दिला. काम करणारी मुलगी तरुण होती, जाणती होती. तिने प्रत्येक पान सोडवले, बुरशी काढली, फाटक्या कडांना जपानी कागदाची ठिगळे लावली. पहिल्या पानाशी ती थांबली आणि मला बोलावून घेतले. म्हणाली, ‘‘काका, हे कुंकू आहे. वरचा थर हलक्या हाताने काढता येईल. खाली तोंडाची रेघ थोडी शाबूत असावीसे वाटते. काढू?’’

भिंगातून तिने मला दाखवले. थरावर थर होते, कडेला फिकट, मध्ये जवळजवळ काळे. सगळ्यात वरच्या थरात बोटाच्या रेषांचा अर्धवट ठसा होता. मी तिला म्हटले, नको, आहे तसे राहू दे. तिने त्या पानावर पातळ कागद ठेवला आणि पुढचे पान घेतले.